किनाऱ्यावरच्या दुकानासाठी डीप फ्रीझर: ऊर्जा-कार्यक्षमतेचे नियम समजून घेऊन खरेदी कशी करावी

कोकणात मासळी, आमरस, कोकम सरबत, आइस्क्रीम किंवा थंड पेये विकण्याचा व्यवसाय नव्याने सुरू करणारा माणूस भाडे, पगार आणि माल यांचा हिशेब आधीच मांडून ठेवतो. डीप फ्रीझर मात्र दिवसाचे चोवीस तास मीटर फिरवत राहतो, हे त्याला पहिले बिल हाती आल्यावर कळते. फ्रीझर एकदा घेतला की आठ-दहा वर्षे तोच वापरला जातो. त्यामुळे खरेदीच्या दिवशी अर्धा तास लेबल आणि नावपट्टी वाचण्यात घालवला, तर त्याचा परिणाम पुढच्या शंभरएक बिलांवर होतो. हा लेख त्या अर्ध्या तासासाठी आणि त्यानंतरच्या काळजीसाठी आहे.

पहिली पायरी: काय थंड करायचे आहे, ते ठरवा

नियम, लेबल आणि चाचण्या यंत्राच्या प्रकारानुसार बदलतात, म्हणून सुरुवात येथूनच करावी लागते. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या स्वच्छताविषयक निकषांनुसार गोठवलेले अन्न उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि थंड ठेवायचे नाशवंत अन्न ५ अंश किंवा त्याखाली ठेवणे अपेक्षित असते. आमरस, गोठवलेली कोळंबी आणि आइस्क्रीम पहिल्या गटात येतात. दूध, सोलकढी आणि कापलेली फळे दुसऱ्या गटात. बाटलीबंद पेयांसाठी काचेच्या दाराचा विझी कूलर पुरतो.

ताज्या मासळीचे गणित वेगळे आहे. सकाळी हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावरून आणलेली आणि संध्याकाळपर्यंत विकायची सुरमई, पापलेट किंवा बांगडा यांना बर्फाच्या चुऱ्यात शून्य अंशाच्या आसपास ठेवणेच योग्य असते. ती डीप फ्रीझरमध्ये टाकली, तर ती हळूहळू गोठून तिचा पोत बिघडतो आणि वर वीजही जाते. नवखे लोक एकच मोठा फ्रीझर घेऊन त्यात सर्व काही ठेवायला बघतात. माझ्या मते लहान फ्रीझर, एक कूलर आणि बर्फाची चांगली पेटी हा संच बहुतेक दुकानांना स्वस्त पडतो.

दुसरी पायरी: नियम कोण करतो आणि ते कोणाला लागू होतात

भारतात या विषयाचा पाया ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ हा आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे सगळे ज्याला बीईई म्हणतात ती संस्था, स्थापन झाली आणि मे २००६ मध्ये तारांकित लेबलांचा कार्यक्रम सुरू झाला. उपकरणाने किती वीज वापरावी याचे मानक ठरवणे आणि त्यावर लेबल लावायला सांगणे हे अधिकार केंद्र सरकारला या कायद्याने मिळाले. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवरचे लेबल २०१० पासून सक्तीचे झाले. डीप फ्रीझरसाठीचा लेबल कार्यक्रम मात्र बराच नंतर, मार्च २०२० मध्ये, ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला. आपल्या राज्यात या कायद्याखालची कामे पाहणारी संस्था म्हणजे महाऊर्जा.

लेबल मिळवणे, चाचण्या करून घेणे आणि खरे आकडे छापणे ही जबाबदारी उत्पादकाची किंवा आयातदाराची असते. दुकानदाराला त्यासाठी कोणताही अर्ज भरावा लागत नाही. ग्राहक म्हणून आपल्या हाती एवढेच असते की लेबल मागावे, ते तपासावे आणि नसेल तर दुसरे मॉडेल पाहावे. विक्रेता 'साहेब, याला पण स्टारच आहे, फक्त स्टिकर निघाला' असे म्हणाला, तर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि बीईईच्या संकेतस्थळावर किंवा तिच्या मोबाइल अ‍ॅपवर शोधावा. नोंदणीकृत मॉडेल तेथे दिसते. दिसले नाही, तर निघालेल्या स्टिकरची गोष्ट तेथेच संपते.

तिसरी पायरी: लेबलावर तारे शेवटी मोजा

लेबलावर सर्वांत ठळक दिसतात ते तारे, पण माझा सल्ला आहे की नजर आधी वार्षिक वीजवापराच्या आकड्यावर न्यावी. तो किलोवॅट-तासांत, म्हणजे आपल्या नेहमीच्या युनिटांत दिलेला असतो. त्या आकड्याला ३६५ ने भागले की रोजची युनिटे मिळतात. त्यानंतर लिटरमधली क्षमता पाहावी, मग लेबलाचा कालावधी, आणि सर्वांत शेवटी तारे.

या क्रमाला कारण आहे. ताऱ्यांचे तक्ते वेळोवेळी कडक केले जातात. घरगुती फ्रिजचे तक्ते जानेवारी २०२३ मध्ये बदलले, तेव्हा त्याच यंत्राचे तारे कमी झाल्याचे अनेकांनी पाहिले. यंत्र तेच होते, मोजपट्टी बदलली होती. म्हणून गोदामात दोन वर्षे पडून असलेल्या जुन्या लेबलाचे चार तारे आणि नव्या लेबलाचे चार तारे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये. तसेच प्रत्येक प्रकारच्या यंत्राचा तक्ता स्वतंत्र असतो, त्यामुळे पाच तारे असलेला घरगुती फ्रिज आणि तीन तारे असलेला डीप फ्रीझर यांची तुलना म्हणजे होडी आणि बैलगाडी यांच्या वेगाची तुलना करण्यासारखे आहे. युनिटांचा आकडा मात्र कोठेही तोच अर्थ सांगतो.

एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. साधारण सारख्या क्षमतेचे दोन फ्रीझर आहेत. एकाच्या लेबलावर वर्षाला १,०९५ युनिटे आहेत, दुसऱ्याच्या ७३०. म्हणजे रोज ३ विरुद्ध रोज २. फरक वर्षाला ३६५ युनिटांचा. प्रतियुनिट १२ रुपये धरले, तर वर्षाला ४,३८० रुपये होतात. दुसरा फ्रीझर ९,००० रुपयांनी महाग असेल, तरी तो फरक दोन वर्षांच्या थोडे पुढे भरून निघतो. तुमचा स्वतःचा दर काढताना महावितरणच्या व्यावसायिक बिलातला वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज घ्यावी आणि वीज शुल्क त्यावर चढवावे. स्थिर आकार या हिशेबात घेऊ नये, कारण युनिटे वाचली म्हणून तो कमी होत नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती नवख्यांना कोणी सांगत नाही. आइस्क्रीम किंवा शीतपेयांच्या कंपन्या पुष्कळदा अनामत घेऊन किंवा फुकट फ्रीझर ठेवून जातात आणि दुकानदाराला वाटते की यंत्राचा खर्च वाचला. यंत्र कंपनीचे असते, बिल आपले असते. स्वतः बिल भरायचे नसल्यामुळे कमी वीज खाणारे यंत्र देण्याची घाई कंपनीला असतेच असे नाही. फ्रीझर टेम्पोतून उतरवण्याआधी लेबल मागावे, कॉम्प्रेसर किती जुना आहे ते विचारावे आणि झाकणाचे रबर स्वतः पाहावे. एकदा तो दुकानात लागला आणि त्यावर कंपनीचे चित्र झळकू लागले, की बदलून मिळणे अवघड असते.

चौथी पायरी: मागची नावपट्टी

पुढचे लेबल जाहिरातीच्या बाजूचे असते. मागे, कॉम्प्रेसरजवळ किंवा आतल्या भिंतीवर, धातूची किंवा कागदी नावपट्टी असते आणि मेकॅनिक तीच वाचतो. तिच्यावर व्होल्टेज, विद्युतप्रवाह, शीतकाचे नाव व ग्रॅममधले वजन आणि हवामान वर्ग हे तपशील शोधावेत.

शीतकाला बाजारात 'गॅस' म्हणतात. जुन्या व्यावसायिक यंत्रांत आर-४०४ए आणि आर-१३४ए हे गॅस भरपूर आढळतात. कार्बन डायऑक्साइड १ धरला, तर पृथ्वी तापवण्याची आर-४०४ए ची क्षमता ३,९२२ आणि आर-१३४ए ची १,४३० मानली जाते. नव्या यंत्रांत येणारे आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, आणि आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, यांचा आकडा ३ च्या आसपास आहे. असे गॅस कमी करण्यासाठीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. त्यानुसार आपल्याकडे आर-४०४ए आणि आर-१३४ए ज्यात मोडतात त्या हायड्रोफ्लुरोकार्बन गटाचा वापर २०२८ पासून गोठवला जाईल, २०३२ मध्ये १० टक्के आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी केला जाईल. आज घेतलेला आर-४०४ए चा फ्रीझर २०३५ मध्येही चालत असेल, तेव्हा त्यात भरायचा गॅस महाग आणि दुर्मीळ होण्याची शक्यता गृहीत धरूनच तो घ्यावा.

आर-२९० चे यंत्र वीजही सहसा कमी घेते, पण प्रोपेन ज्वलनशील आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात अशा यंत्रातील गॅसच्या वजनावर मर्यादा आहे. पूर्वी ती १५० ग्रॅम होती, २०१९ च्या सुधारणेनंतर ती सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली गेली. व्यवहारात याचा अर्थ असा की, अशा यंत्राची गळती झाल्यास ते प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे. पाइपात गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या जोडण्याची, ज्योत लावणारा, किंवा 'आपल्याकडे दुसरा गॅस आहे, तोच मारतो' म्हणणारा मेकॅनिक दारातूनच परत पाठवावा.

पाचवी पायरी: हवामान वर्ग, आणि कोकणाची हवा

कागदावरचे आकडे आणि किनाऱ्यावरचे बिल यांच्यात जे अंतर पडते, त्याचे मुख्य कारण आपल्या हवेत आहे.

प्रयोगशाळेतली चाचणी ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत होते. घरगुती धाटणीच्या यंत्रांवर एन, एसटी, टी अशी अक्षरे असतात. एन म्हणजे भोवतालची हवा १६ ते ३२ अंश, एसटी म्हणजे ३८ अंशांपर्यंत आणि टी म्हणजे ४३ अंशांपर्यंत. आपल्याकडे टी असलेलेच यंत्र घ्यावे. दुकानातल्या शोकेससाठी आयएसओ २३९५३ हे मानक वापरले जाते आणि त्यात वर्गांना क्रमांक असतात. वर्ग ३ म्हणजे २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, वर्ग ४ म्हणजे ३० अंश आणि ५५ टक्के, वर्ग ५ म्हणजे ४० अंश पण फक्त ४० टक्के आर्द्रता, आणि वर्ग ७ म्हणजे ३५ अंश व ७५ टक्के. विक्रेते वर्ग ५ सर्वांत दणकट म्हणून विकतात. विदर्भासाठी ते बरोबर आहे. मालवण, वेंगुर्ले, गुहागर येथील मे-जूनची हवा मात्र वर्ग ७ च्या वर्णनाशी जुळते. हॉटेलांसाठी युरोपातून येणाऱ्या शोकेसवर ए ते जी अशी पट्टी दिसते. १ मार्च २०२१ पासून तेथे लागू झालेल्या या लेबलाचा आकडा वर्ग ३ च्या थंड, कोरड्या खोलीतला असतो, हे लक्षात ठेवून त्यात मनातल्या मनात भर घालावी.

आर्द्रतेने एवढे काय बिघडते, हे एका उदाहरणावरून दिसेल. ३५ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे १२ ग्रॅम पाणी असते. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत, म्हणजे आपल्या पावसाळी हवेत, ते सुमारे २६ ग्रॅम असते. झाकण उघडले की ही हवा आत शिरते, तिच्यातले पाणी भिंतीवर बर्फ होऊन बसते, आणि हवेतले एक लिटर पाणी असे गोठवताना जवळजवळ पाऊण युनिटाइतकी उष्णता यंत्राला बाहेर काढावी लागते. तो बर्फ पुढे स्वतःच गोधडीसारखा थर बनून आतल्या मालाला थंडी पोचू देत नाही. घाटावर जो फ्रीझर तीन महिन्यांनी साफ केला तरी चालतो, तो किनाऱ्यावर तीन आठवड्यांत पांढरा होतो.

याच कारणाने काचेच्या दारावर पाणी सुटते. ते टाळण्यासाठी काही विझी कूलरच्या दारात किंवा चौकटीत छोटे हीटर असतात आणि ते स्वतः वीज खातात. हीटर चालू-बंद करता येत असेल किंवा आर्द्रतेनुसार आपोआप चालत असेल, असेच मॉडेल घ्यावे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत तो बंद ठेवता येतो. वर काच असलेला फ्रीझर माल दाखवायला चांगला, पण केवळ साठवणीसाठी जाड झाकणाचाच घ्यावा.

सहावी पायरी: जागा आणि जोडणी

माझा पहिला फ्रीझर मी दुकानाच्या पडवीत, समुद्राच्या बाजूला तोंड करून आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवला होता, कारण तेथे सर्वांना दिसत असे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मागची जाळी उघडली, तेव्हा कंडेन्सरच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावताच पिठासारख्या गळू लागल्या. खारे वारे, वर अडकलेली धूळ आणि कोंडलेली उष्णता यांनी दीड वर्षात ते केले होते. कॉम्प्रेसर जवळजवळ न थांबता चालत होता आणि मी मात्र बिल वाढल्याचा दोष मीटरला देत होतो.

त्यावरून शिकलेली पथ्ये अशी. यंत्राच्या मागे आणि ज्या बाजूला जाळी असेल तिकडे किमान वीतभर जागा मोकळी सोडावी. माहितीपुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. पश्चिमेचे ऊन, चुलीची किंवा तव्याची जवळीक आणि थेट खारा वारा टाळावा. कंडेन्सरच्या पट्ट्यांवर संरक्षक लेप असलेले मॉडेल मिळत असेल, तर किनाऱ्यावर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे परवडते. फ्रीझरला स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि नीट अर्थिंग द्यावे. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लावावा.

यंत्र चौथऱ्यावर ठेवावे, कारण कॉम्प्रेसर तळाशी असतो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत काय झाले, ते तेथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारावे. वीज गेल्यावर थंडी किती तास टिकते हा आकडाही विक्रेत्याकडून मागून घ्यावा. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एवढा काळ कोणताही फ्रीझर तग धरत नाही, पण नेहमीच्या सात-आठ तासांच्या भारनियमनात जाड भिंतींचा आणि पूर्ण भरलेला फ्रीझर माल वाचवतो. तीच जाड भिंत रोजची युनिटेही वाचवते.

सातवी पायरी: लेबलावरचा आकडा राखणे

लेबल नव्या, स्वच्छ यंत्राचे असते. ते तसे राहावे यासाठी किनाऱ्यावर दर महिन्याला प्लग काढून कंडेन्सर मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करावा. आतला बर्फ अर्धा सेंटिमीटर जाड होण्याआधी काढावा. सुरी किंवा पेचकस कधीही वापरू नये, कारण त्याखाली गॅसची नळी असते. झाकणाचे रबर तपासण्याची सोपी युक्ती अशी: दहा रुपयांची नोट झाकणात अर्धी बाहेर ठेवून झाकण लावावे आणि नोट ओढावी. ती सहज सरकली, तर त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीच्या कोपऱ्यांत, ही परीक्षा घ्यावी. रबर काही शेकड्यांत बदलून मिळते.

तापमानाची खुंटी शेवटपर्यंत फिरवून ठेवणे ही जवळजवळ सार्वत्रिक सवय आहे. आमरसाला उणे १८ पुरत असताना यंत्र उणे २५ वर चालवले, तर प्रत्येक अंशाला काही टक्के वीज वाया जाते. आत एक साधा तापमापक ठेवावा आणि खुंटी त्यानुसार लावावी. गरम किंवा उघडा, ओला माल आत ठेवू नये.

प्रत्यक्ष वापर मोजण्यासाठी प्लगमध्ये लावायचा छोटा युनिट मीटर घ्यावा. फ्रीझर लावल्यावर तिसऱ्या दिवशी चोवीस तासांचा आकडा घ्यावा, म्हणजे आतला माल पूर्ण गोठलेला असतो. लेबलाच्या रोजच्या आकड्यापेक्षा तो थोडा जास्त येणारच, कारण आपली हवा प्रयोगशाळेची नाही. मात्र तो दीडपटीच्या पुढे गेला, तर हमीच्या मुदतीतच तक्रार लेखी नोंदवावी. सोबत मीटरचा फोटो, खोलीचे तापमान आणि मॉडेल क्रमांक द्यावा.

खरेदीसाठी अर्थसाहाय्य हवे असेल, तर मासळी व्यवसायाला प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आणि लहान अन्नप्रक्रिया उद्योगांना पीएमएफएमई योजना या दोन्हींची चौकशी करावी. दुसरीत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. अर्जासोबत दरपत्रक जोडताना त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे मंजुरीनंतर त्याच नावाखाली दुसरेच यंत्र येत नाही.

आठवी पायरी: जुने यंत्र

मुंबईहून येणारे जुने फ्रीझर स्वस्त असतात, पण त्यांचे लेबल बहुधा गेलेले असते आणि वीजवापर मोजल्याशिवाय कळत नाही. घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याच्या दुकानात एक दिवस युनिट मीटर लावून मगच पैसे द्यावेत. स्वतःचा जुना फ्रीझर काढताना तो भंगारवाल्याला देऊ नये. तो कॉम्प्रेसर काढण्यासाठी नळी कापतो आणि सगळा गॅस हवेत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार फ्रिज व फ्रीझर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जायला हवेत आणि त्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून नवे यंत्र घेतानाच जुने परत घेण्याविषयी बोलून ठेवावे.

ज्यांचा धंदा मासळीचा आहे, त्यांनी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळाचा उपयोग करून घ्यावा. दोन अर्धे रिकामे फ्रीझर चालवण्याऐवजी शिल्लक माल एकात भरावा, दुसरा बंद करून पुसून कोरडा करावा आणि बुरशी धरू नये म्हणून झाकणाखाली लाकडाचा तुकडा ठेवून ते किंचित उघडे ठेवावे. नारळी पौर्णिमेच्या आसपास तो पुन्हा सुरू करण्याआधी नोटेची परीक्षा, कंडेन्सरची सफाई आणि चोवीस तासांची युनिटे एवढी तीन कामे करावीत, आणि युनिटांचा आकडा तारखेसह यंत्राच्या पाठीवर खडूने नव्हे, ऑइल पेंटने लिहावा. पावसाळी हवेत खडू टिकत नाही.